ॲपला फुई कुठून माहीत असणार

मागच्या जानेवारीतली गोष्ट. बारावीतली एक पोरगी प्रॅक्टिकल संपल्यावर मागे थांबली, सगळे गेल्यावर मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, मॅडम हे वाचा, मला बोलता येणार नाही. मोबाईलवर तिचं आणि एका एआय चॅटबॉटचं बोलणं होतं, रात्री पावणेदोनचं. तिनं लिहिलं होतं, "परवा पाहुणे येणार आहेत, नानांनी बोलावलंय, मला खूप भीती वाटते, अभ्यास होत नाही, जेवण जात नाही." आणि ॲपनं एकदम गोड मराठीत उत्तर दिलं होतं की घरी पाहुणे येणार असतील तर अस्वस्थ वाटणं स्वाभाविक आहे, तुमच्या भावना वैध आहेत, फार दडपण आलं तर थोडा वेळ आपल्या खोलीत जाऊन दीर्घ श्वास घ्या आणि कुटुंबीयांना आपल्या मर्यादा शांतपणे समजावून सांगा.

आता आपल्याकडे खान्देशात १७ वर्षांच्या पोरीनं "पाहुणे येणारेत" म्हटलं की शाळेच्या शिपायालाही कळतं काय चाललंय. पोरगी बघायला येणारेत. त्या ॲपला वाटलं घरी माणसं जेवायला येणारेत आणि पोरगी लाजरी आहे. आणि "आपल्या खोलीत जा" म्हणे. मी ते घर पाहिलंय, दोन खोल्या, त्यातली एक भाव वाढायची वाट बघत कापसानं छतापर्यंत भरलेली, दुसरीत पाच माणसं झोपतात. ही पोरगी ते चॅट सुद्धा गोधडीत डोकं घालून, ब्राइटनेस कमी करून करत होती, कारण मोबाईल भावाचा होता.

ते वाचून मला आधी राग आला. पण खाली स्क्रोल केलं तर शेवटी त्याच ॲपनं लिहिलं होतं की तुमचा विश्वास असलेल्या एखाद्या मोठ्या व्यक्तीशी, शिक्षिकेशी वगैरे, बोलून बघा. ती पोरगी त्या एका ओळीवरून माझ्याकडे आली होती. दोन वर्षं मी तिला रोज वर्गात बघते आणि मला काही कळलं नव्हतं, म्हणजे तिला माझ्यापर्यंत त्या मशीननंच पोचवलं. हे मी पहिल्यांदाच सांगून टाकते, म्हणजे मी एआयच्या विरोधात लिहितेय असं कुणाला वाटायला नको.

मला जे म्हणायचंय ते वेगळं आहे. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी एआय वापरायचं म्हटलं की चर्चा लगेच भाषेवर जाते, मराठी येतं का, अहिराणी शिकवा, सण-वार शिकवा, मग झालं ते संस्कृतीची जाण असलेलं. भाषा पाहिजेच, त्यावर पुढे बोलते. पण समजा उद्या त्याला अस्सल अहिराणी आली, पाहुणे म्हणजे काय तेही कळलं, तरी ते फक्त पोरीशीच बोलू शकतं ना. नानांशी, म्हणजे तिच्या मोठ्या काकांशी, कोण बोलणार? मशीनला बदलता येतं ते फक्त समोरच्या पोराला, त्याच्या घराला, होस्टेलला, वर्गाला ते हात लावू शकत नाही, आणि आपल्याकडच्या पोरांचं निम्मं दुखणं हे घरात, भाऊबंदकीत, वर्गातल्या जातीत, पैशात असतं. म्हणून समुपदेशकाची खुर्ची ॲपनं भरायची नाही, एवढं माझं म्हणणं आहे, आणि येत्या एक-दोन वर्षांत आपल्या भागातली कॉलेजं नेमकं तेच करतील अशी मला भीती वाटते.

पोरं मोबाईलशी का बोलतात हे आधी नीट बघायला पाहिजे, त्यांना नावं ठेवून काही होणार नाही. आमच्या तालुक्याच्या गावात अभ्यासिका आहेत, महिन्याच्या फीवर खुर्ची मिळते, तिथं पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी करणारी पोरं रात्री बारा-एकपर्यंत बसतात. आमचाच एक माजी विद्यार्थी, तीन भरत्या दिलेला, एकदा दोन मार्कांनी गेलेला, घरी चार एकर कोरडवाहू, वय २६, लग्नाचं नाव काढलं की पोरीवाले विचारतात नोकरी आहे का. तो मला सांगत होता की रोज रात्री अर्धा तास चॅटबॉटशी बोलतो. मी विचारलं त्यापेक्षा मित्रांशी का नाही बोलत, तर म्हणाला, "कोन्ही हासत नही तठे." तिथं कुणी हसत नाही. एवढंच कारण. मला त्यावर काही बोलता आलं नाही कारण गावात पोरानं "मला रडू येतं" म्हटलं तर काय होतं ते मलाही माहीत आहे.

आणि हे काही आजचं नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत एमआयटीमधल्या जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाचा प्रोग्राम बनवला होता, तो फक्त समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, त्याला कळत काहीच नव्हतं. तरी त्यांच्या स्वतःच्या सेक्रेटरीनं त्याच्याशी दोन-चार वाक्यं बोलून झाल्यावर वायझेनबॉमना खोलीबाहेर जायला सांगितलं होतं, तिला खाजगी बोलायचं होतं. तिला ते मशीन आहे हे पक्कं माहीत होतं. म्हणजे ऐकून घेणारं कुणी नसलं की माणूस भिंतीशी पण बोलतो, आणि ही भिंत तर आता उत्तर देते, तेही कधी न चिडता. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीनंच सांगितलं की आठवड्याला चॅटजीपीटी वापरणाऱ्यांपैकी साधारण ०.१५ टक्के लोकांच्या बोलण्यात आत्महत्येच्या विचाराची किंवा तयारीची स्पष्ट खूण दिसते. टक्का छोटा वाटतो, पण वापरणारे ८० कोटींच्या वर, म्हणजे दर आठवड्याला दहा लाखांहून जास्त माणसं. त्यात आपल्या अभ्यासिकेतली, आश्रमशाळेतली, होस्टेलवरची पोरं नसतील असं कुणी म्हणू नये.

दुसऱ्या बाजूला माणसं किती आहेत? देशात लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञ सुद्धा पूर्ण येत नाही. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, त्यातले १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत सर्वात जास्त. यावर मी जास्त काही लिहित नाही, ज्या शिक्षकानं एकदा तरी वर्गात रिकामा बेंच बघितलाय त्याला आकड्याची गरज नाही.

आता भाषेचं. "तुमच्या भावना वैध आहेत" हे वाक्य मी आतापर्यंत पाच-सहा पोरांच्या मोबाईलवर बघितलंय. वैध परवाना असतो, वैध तिकीट असतं. भावना वैध आहेत असं आजवर कुठल्या आईनं, मामानं, मास्तरनं म्हटलंय? हे इंग्रजीत विचार करून मराठीत उतरवलेलं आहे आणि पोरांना ते जाणवतं, ती मग स्वतःही तशीच बोलायला लागतात, स्वतःच्या दुखण्याला परके शब्द लावतात. तेच उलट बाजूनं बघा. होस्टेलला नवीन आलेली पोरगी म्हणते "मला इथं करमत नाही." मी मुद्दाम हे वाक्य टाकून बघितलं तर उत्तर आलं की कंटाळा घालवायला नवीन छंद लावून घ्या. करमत नाही म्हणजे कंटाळा नाही हो. करमत नाही यात माय आहे, गोठा आहे, संध्याकाळी ओट्यावर बसणारी माणसं आहेत, ते सगळं इथं नाही हे आहे. आमच्याकडची पोरं "मी डिप्रेस आहे" असं फार कमी म्हणतात, ती म्हणतात डोकं भणभणतं, छातीत धडधड होते, हातापायाला मुंग्या येतात, पोटात गोळा येतो, लय इचार येतात. दुखणं अंगातून बोलतं. चांगला समुपदेशक पोटदुखीची चौकशी करता करता घरातल्या भांडणापर्यंत पोचतो, आणि मशीन बऱ्याचदा ॲसिडिटीपाशी थांबतं.

२०११ च्या जनगणनेत खान्देशी (आपली अहिराणी तिच्यातच धरतात) ही मराठीपासून वेगळी भाषा म्हणून मोजलीय आणि ती मातृभाषा सांगणारे १८ लाखांवर लोक आहेत, शिवाय घरात अहिराणी बोलून फॉर्मवर मराठी लिहिणारे वेगळे. आणि नंदुरबारकडे तर अजून अवघड. धडगाव-अक्कलकुव्याकडचा आश्रमशाळेतला पोरगा घरी पावरी नाहीतर भिली बोलतो, मावची बोलणारे वेगळे, त्याला मराठीच मुळात शाळेची भाषा, मारही तिच्यातच खाल्लेला. त्यानं मनातलं कुठल्या भाषेत टाइप करायचं? इंटरनेटवर पावरीतला मजकूर असून असून किती असणार, आणि या मशीनचं सगळं शिकणं तर त्या मजकुरावरच. म्हणजे ज्या पोराला माणूस मिळणं सर्वात कठीण त्यालाच मशीनही सर्वात कच्चं मिळतं. वर ते पोरगं दिवाळीनंतर घरी गेलं तर घरात कुणी नसतं, आई-बाप ऊसतोडीला गुजरातेत. "पालकांशी मोकळेपणाने बोला" हा सल्ला त्याला कोण देणार आणि कोणत्या तोंडानं.

पण भाषा सुधारेल, दोन-चार वर्षांत बरीच सुधारेल असं मला खरंच वाटतं. राहतो तो मूळ मुद्दा. २०१० मध्ये जोसेफ हेनरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात आणून दिली होती, की मानसशास्त्रातले बरेचसे प्रयोग पाश्चात्त्य, शिकलेल्या, उद्योगप्रधान, श्रीमंत, लोकशाही देशांतल्या लोकांवर झालेत आणि त्यावरून आपण अख्ख्या मानवजातीचं मन कसं असतं ते ठरवतो. तिथला माणूस १८ वर्षांचा झाला की घराबाहेर पडतो, स्वतःचं ठरवतो, म्हणून तिथं "सीमा आख, स्वतःला प्राधान्य दे" हा सल्ला चालत असेल. सीबीटी म्हणजे विचार बदलून भावना बदलायची पद्धत, बरीचशी मानसिक आरोग्याची ॲपं त्यावरच उभी आहेत, आणि ती चांगली पद्धत आहे, परीक्षेच्या भीतीत मी स्वतः पोरांना तिचा उपयोग झालेला बघितलाय. "मी नापास होणारच" हा विचार तपासून बघता येतो. पण "आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आत माझं लग्न लावणार आहेत" हा विचार काय तपासायचा? तो विचार चुकीचा नाहीच. परिस्थिती चुकीची आहे.

डॉ. पायल तडवी आपल्या जळगावची. तडवी भिल्ल समाजातली, मुंबईत स्त्रीरोग विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत होती, मे २०१९ मध्ये तिनं जीव दिला. सीनियर डॉक्टरांनी जातीवरून छळ केला अशी तिच्या घरच्यांची तक्रार, प्रकरण कोर्टात आहे, त्यावर मी निकाल देणार नाही. पण तिच्या नंतर इथून शिकायला बाहेर पडलेल्या प्रत्येक आदिवासी, दलित पोरीच्या बाबतीत मला हा प्रश्न पडतो, की ती रात्री मोबाईलवर लिहील "सगळे मला कोट्यावरून बोलतात", आणि तिला उत्तर येईल की आत्मविश्वास वाढवा, नकारात्मक लोकांकडे दुर्लक्ष करा, झोपेचं वेळापत्रक पाळा. सगळं काम तिनंच करायचं. बोलणाऱ्याला कुणी काही बोलणार नाही. समुपदेशक माणूस असेल, आणि चांगला असेल, तर तो उठून विभागप्रमुखाकडे जाईल, तक्रार कुठं करायची ते सांगेल, सोबत जाईल. हे उठून जाणं मशीनमध्ये नाही.

आता त्या पोरीचं पुढं काय झालं ते सांगते. आमच्या कॉलेजात समुपदेशक नाही, एका मॅडमकडे "समुपदेशन कक्ष" असा चार्ज आहे, म्हणजे एक रजिस्टर आणि एक पाटी. आम्ही दोघी गेलो घरी, संध्याकाळी, पोरीला आधी विचारून. वडील सुरतला कामाला, घरात शब्द नानांचा. नाना वाईट माणूस नाही, पाणी दिलं, चहा ठेवायला सांगितला आणि म्हणाले, "मॅडम, चांगलं स्थळ शे, पोऱ्या सुरतले कंपनीमा शे, आसं स्थळ हातनं जाई." आम्ही कायदा काढला नाही. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आम्हाला पाठ होता, चाइल्डलाइनचा १०९८ नंबरही होता, आणि नाना ऐकलेच नसते तर मी फोन करणारच होते, पण तो शेवटचा उपाय, कारण उद्या पोरीला त्याच घरात राहायचंय. बोलता बोलता कळलं की नानांची मोठी बहीण, म्हणजे पोरीची फुई, पारोळ्याकडे दिलेली आहे आणि तिचा शब्द नाना खाली पडू देत नाहीत. नानांनीच बोलता बोलता तिला फोन लावला, मॅडम आल्यात म्हणून कौतुकानं. फुईनं सगळं ऐकून घेतलं, थोडा वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, "माले कोन्ही इचारं नही तवय." मला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. स्पीकरवर होता फोन. त्या घरात कुणी काही बोललं नाही बराच वेळ.

पाहुण्यांना पोरीची परीक्षा आहे, नंतर बघू असा निरोप गेला.

फुई हा उपाय कुठल्या पुस्तकात नाही आणि कुठल्या ॲपला तो सुचणार नाही, तो त्या घराच्या ओट्यावर बसल्याशिवाय दिसत नाही. मी याला संस्कृतीची जाण म्हणते. सणांची नावं पाठ असणं वेगळं, आणि या घरात कुणाचा शब्द चालतो, कुणासमोर काय बोलायचं नाही, कुणाला मध्ये घातलं तर कुणाचा मान राहून काम होईल, हे ओळखणं वेगळं.

पण म्हणून माणूस म्हणजे देव असंही मी म्हणणार नाही. आपल्याच माणसांनी पोरांना मोबाईलकडे ढकललंय. मला एक कॉलेज माहीत आहे जिथं समुपदेशनाला गेलेल्या पोरीचं प्रेमप्रकरण दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये चहासोबत चर्चेला होतं आणि आठवड्यात तिच्या मामापर्यंत पोचलं, तिचं कॉलेज बंद झालं. छोट्या गावात सगळे सगळ्यांचे नातेवाईक असतात, आडनाव सांगितलं की गाव, गाव सांगितलं की सोयरे निघतात. आपल्याच जातीचा, आपल्याच गल्लीचा समुपदेशक कधी कधी परक्यापेक्षा जास्त घातक ठरतो, कारण तो ऐकून घेता घेता मनात न्याय करत असतो. मशीन पोराला जात विचारत नाही आणि मामाला फोन करत नाही, हे त्याचं मोठं बळ आहे आणि पोरांनी ते बरोबर ओळखलंय. त्यामुळे गुप्तता पाळणं, हे मी संस्कृतीची जाण वगैरेच्याही आधी ठेवते. गुपित राहत नसेल तर खान्देशातली एकही पोरगी तोंड उघडणार नाही, तुम्ही अहिराणीत विचारा नाहीतर इंग्रजीत.

आणि जाण ठेवायची म्हणजे सगळ्याची तळी उचलायची असंही नाही. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते, रोट होतात, त्या रात्री एखाद्या बाईच्या अंगात येतं, घरातलं पोरगं ते लहानपणापासून बघतं आणि त्याला त्यात काही वेगळं वाटत नाही. असं पोरगं होस्टेलवरून लिहील की आईच्या अंगात देवी येते, तर त्याला थेट तुमच्या आईला गंभीर मानसिक आजार असू शकतो असं सांगून घाबरवणं चूक आहे. पण दुसरा पोरगा महिनाभर झोपत नाही, त्याला भिंतीतून आवाज येतात, घरचे म्हणतात बाहेरचं झालंय आणि भगताकडे फेऱ्या चालू आहेत, तिथं परंपरेचा मान म्हणून गप्प बसणं म्हणजे त्या पोराचं आयुष्य घालवणं. या दोघांतला फरक ओळखायचा तर आजाराचं शिक्षण पाहिजे आणि कानबाईची रात्रही बघितलेली पाहिजे. त्या दुसऱ्या पोराच्या घरी भगताला शिव्या न देता, "तिकडचं चालू द्या, पण सिव्हिलला पण दाखवू" असं म्हणून त्या माणसाला डॉक्टरपर्यंत नेता आलं पाहिजे. हे चॅटमध्ये होत नाही.

आता मी घाबरते कशाला ते. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात १५ मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलंय, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचंय. फार चांगला आदेश आहे. पण आपल्याकडे नेमणूक म्हणजे पगार, आणि विनाअनुदानित संस्थेत तर शिकवणाऱ्यांचेच पगार वेळेवर नाहीत. अशा वेळी एखादी कंपनी येऊन म्हणेल की सर, पर स्टुडंट वर्षाला थोडेसे पैसे, चोवीस तास, मराठीतून, रिपोर्ट सुद्धा देतो, तर कुठला संस्थाचालक नाही म्हणेल? भिंतीवर क्यूआर कोड लागेल, तपासणी समितीला दाखवता येईल, फाईल पूर्ण. अमेरिकेत इलिनॉय राज्यानं ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून एआयनं थेट थेरपी द्यायला बंदी घातली, परवाना असलेल्या तज्ज्ञांना मदतीच्या कामासाठी ते वापरता येतं. मला ती विभागणी पटते.

शिवाय त्या रिपोर्टमध्ये काय जाईल आणि तो कोण वाचेल? आपल्या २०२३ च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्यात १८ खालचं प्रत्येक जण मूल आहे, आणि काही सवलती सोडल्या तर मुलाचा डेटा घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागते. हेतू चांगलाच आहे. पण ज्या पोरीला नानांबद्दल बोलायचंय तिनं आधी नानांची परवानगी आणायची का? आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्यानं ते कळवणं माणसावर बंधनकारक आहे, शिक्षकावर, समुपदेशकावर, माझ्यावर. मशीनला मध्यरात्री तसं काही कळलं तर जबाबदार कोण? ज्याला जाब विचारता येत नाही त्याच्या हातात मी पोरं देणार नाही.

पैसे नाहीत, तज्ज्ञ नाहीत, मग करायचं काय, हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तरही आपल्याच देशात आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सत्तराहून जास्त सरकारी शाळांत शाळेचं वातावरण आणि पोरांचं आरोग्य सुधारायचा सेहेर नावाचा प्रयोग झाला, २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. काही शाळांत हे काम तिथल्याच शिक्षकांना दिलं, काही शाळांत स्थानिक, डिग्री नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या माणसाला. शिक्षकांनी केलं तिथं काही फरक पडला नाही. स्थानिक समुपदेशक होता तिथं शाळेचं वातावरण सुधारलं, दादागिरी कमी झाली, पोरांची उदासी कमी झाली. मी शिक्षक असून सांगते की हा निकाल मला अजिबात आश्चर्याचा वाटला नाही, जो आज मार्क कापणार आहे त्याच्यासमोर पोरगं उद्या रडणार नाही, म्हणून आमच्या मॅडमकडचा तो "चार्ज" काढून घ्या. आणि अमरावती जिल्ह्यात, आपल्यासारख्याच कापसाच्या पट्ट्यात, ३० गावांत विश्राम हा कार्यक्रम झाला, गावातल्याच कार्यकर्त्यांना तयार केलं, तर दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. झिम्बाब्वेत डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञानं २००६ पासून आज्ज्यांना शिकवून लोकांचं दुखणं ऐकायला बाकड्यावर बसवलं, आणि तिथं दुखण्याला शब्द काय, तर कुफुंगिसिसा, म्हणजे फार विचार करणं. आमचं "लय इचार येतात" तेच की.

आपल्याकडे समाजकार्यात एमएसडब्ल्यू झालेली, मानसशास्त्रात बीए-एमए झालेली पोरं-पोरी भरतीचे फॉर्म भरत फिरतायत. अहिराणी येते, पावरी येते, घरोघरी जायची लाज नाही. एका तालुक्यातल्या पाच-सहा कॉलेजांनी मिळून दोन माणसं ठेवली, एक बाई एक पुरुष, पगार सगळ्यांनी वाटून घेतला, आणि मुद्दाम दुसऱ्या तालुक्यातली ठेवली म्हणजे सोयरीक निघणार नाही, तर काय अशक्य आहे? वरून जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग जोडायचा. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश "समाजकार्यकर्ता" पण चालेल म्हणतो, फक्त त्याला मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण पाहिजे, मग ते द्यायला आपलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ पुढे येऊ शकतं.

आणि मशीन कुठं ठेवायचं? या माणसांच्या हाताखाली. पहिल्या नोकरीतल्या समुपदेशक पोरीला एखाद्या विद्यार्थ्याच्या रागावलेल्या बापाशी कसं बोलायचं याचा सराव करायला ते उत्तम आहे. टिपणं काढायला, कुठली योजना, कुठला कायदा ते शोधून द्यायला. रात्री दोनला पोरगं काही लिहीत असेल तर मशीननं दीर्घ श्वासावर विषय संपवू नये, सरळ विचारावं की तुझ्या गावातलं कोण माणूस आहे ज्याच्याशी उद्या सकाळी बोलशील, आणि लगेच टेलि-मानस या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्यावा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीसकट २० भाषांत, पलीकडे माणूस असतो. आमच्या कॉलेजात मी तो नंबर मुलींच्या बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूनं चिकटवलाय, नोटीस बोर्डसमोर उभं राहून नंबर लिहून घ्यायची हिंमत कोणाची होत नाही म्हणून. मुलांच्या बाजूला शिपाई दादांनी चिकटवला.

ती पोरगी बारावी पास झाली, ६८ टक्के. ॲप अजून वापरते, इंग्लिशचे निबंध तपासून घेते, कधी मधी रात्री बोलतेही म्हणाली. जूनमध्ये नाना स्वतः मोटरसायकलवर कॉलेजात आले, एफवायचा फॉर्म घ्यायला. बारावीपर्यंत पोरींना एसटीचा पास फुकट असतो, ते त्यांना माहीत होतं. खिडकीपाशी उभं राहून मला विचारत होते, "आते पासले कितला पैसा लागतीन?"